जुन्या जीपचे कॅनव्हास दरवाजे : माप गाडीचे घ्या, जुन्या कापडाचे नव्हे

पावसाळा महिना-दीड महिन्यावर आला की ताडपत्री, हूड आणि कुशनचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांच्या दुकानात एक ओळखीचे दृश्य दिसते. गिऱ्हाईक काखेत दोन फाटके दरवाजे घेऊन येते. कॅनव्हास विटलेले, खिडकीचे प्लॅस्टिक पिवळे पडून तडकलेले, खालच्या कडेची शिवण उसवलेली. दरवाजे समोर टाकून ते म्हणते, "उस्ताद, अगदी असेच नवे शिवून द्या." गाडी मात्र घरी असते.

काम सोपे वाटते. जुना दरवाजा पसरायचा, खडूने भोवती रेघ मारायची, कापायचे आणि शिवायचे. पण या धंद्यातले सर्वांत मोठे नुकसान इथेच सुरू होते. हा धडा आम्ही पुस्तकात वाचलेला नाही, खिशातून पैसे घालून शिकलो आहोत. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

आमची चूक

कोकणातल्या एका बागायतदाराने आपल्या जुन्या जीपचे दोन्ही दरवाजे टेम्पोवाल्याच्या हाती आमच्याकडे पाठवले. आम्ही जुन्या कापडावरूनच बेतले. कापड भारी घेतले, शिलाई सरळ आणली, बटणे पितळी लावली. मे महिन्यात दरवाजे गाडीवर चढले तेव्हा पुढच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली. "कापड बसेल, फट भरेल," असे आम्ही फोनवर सांगून मोकळे झालो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि कापड बसण्याऐवजी आक्रसले. त्याने आतली सळईच ओढून वाकवली. बोटभर फट तीन बोटांची झाली आणि पाणी थेट चालकाच्या मांडीवर येऊ लागले.

बागायतदार भला माणूस होता. भांडला नाही. दरवाजे परत आणून ठेवले आणि एवढेच म्हणाला, "उस्ताद, दरवाजे सुंदर झालेत, पण ते माझ्या गाडीचे नाहीत."

तो बरोबर बोलला होता. आम्ही ते गाडीसाठी शिवलेच नव्हते. फाटक्या कापडाची नक्कल केली होती. नवी जोडी आम्ही आमच्या खर्चाने करून दिली. तेव्हापासून दुकानात एक नियम आहे : गाडी समोर नसेल तर कात्री उचलायची नाही.

हे काम कुठून येते?

आपल्याकडे जीपचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलीज कंपनीच्या जीप इथे जुळवण्याचे काम १९४७ मध्ये सुरू झाले होते. पुढे उंच बॉनेटच्या सीजे-३बी नमुन्याच्या गाड्या इथेच तयार होऊ लागल्या. अमेरिकेत हा नमुना १९५३ ते १९६८ एवढीच वर्षे निघाला, पण आपल्याकडे त्याचा वंश त्यानंतरही बरीच वर्षे चालला. एमएम ५४० आणि एमएम ५५० या गाड्याही आमच्या कारागिरांच्या चांगल्या ओळखीच्या.

या गाड्यांचा हूड आणि दरवाजे बहुतेक कापडीच असत. आज शौकीन लोक आणि बागायतदार त्या जपून ठेवतात. त्यातच जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ रूपाची कदर करणारा मालक पत्र्याचे दरवाजे बसवत नाही, त्याला कापडीच हवे असतात. म्हणजे हे काम संपलेले नाही. करणारे हात मात्र कमी होत आहेत.

जुना दरवाजा वाचायला शिका

जुना दरवाजा मापासाठी निरुपयोगी असला, तरी तो फेकू नका. तो कुठे फाटला ते पाहा, म्हणजे का फाटला ते कळते.

कापड सळईलगत तांबूस होऊन कुजले असेल, तर रंग उडालेल्या लोखंडाचा गंज सुती कापडाला लागला आहे. कापड शाबूत आणि शिवण मात्र उसवलेली असेल, तर दोरा उन्हाने खलास झाला आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून चीर गेली असेल, तर कोपरा काटकोनात कापला होता. खालची कड काळी पडली असेल, तर तिथे पाणी आणि चिखल साचत होता. बटणाभोवती भोक मोठे झाले असेल, तर बटणामागे दुहेरी पट्टी नव्हती.

ही पाच कारणे कागदावर लिहून घ्या. नव्या दरवाजात तीच खोट पुन्हा राहिली, तर आपण कापड बदलले, काम सुधारले नाही.

बटणांची जागा, खिडकीचा आकार, पट्टे, बकल आणि दुमड यांचा मूळ नमुनाही याच दरवाजावरून घ्यायचा असतो. म्हणून उसवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जुने दरवाजे ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. काम संपल्यावर ते न सांगता भंगारात घालू नयेत, परत द्यावेत.

आधी गाडी, मग चौकट

जीपची पुढची काच खाली पाडता येते. ती बिजागऱ्यांवर उभी असते आणि दोन्ही बाजूंच्या पकडींनी आवळलेली असते. दरवाजाची पुढची कड या काचेच्या चौकटीला लागून चालते. पकड ढिली असेल किंवा काचेखालचे रबर गायब असेल, तर काच कललेली राहते आणि आपले माप चुकते. म्हणून आधी काच नीट उभी करून आवळा.

नंतर हूड चढवा. दरवाजाची वरची कड हुडाला भेटते. हुडाच्या कमानी वाकलेल्या असतील किंवा हूडही लवकरच बदलायचा असेल, तर ते काम आधी करा. नवीन दरवाजे जुन्या झोळ पडलेल्या हुडाला जुळवले आणि पुढच्या वर्षी हूड बदलला, की पुन्हा फट पडते.

मग दरवाजाची सळईची किंवा पाइपची चौकट कापडाविना बिजागरीत बसवून पाहा. ती बॉडीच्या कडेला सगळीकडे सारखी लागते का? वाकलेली असेल तर आताच सरळ करा, तुटलेला सांधा जोडून घ्या. गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइडचा हात द्या, वर रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर कापड चढवले तर डाग पडतो, आणि रंगातले थिनर खिडकीचे प्लॅस्टिक खराब करते.

एक गोष्ट विसरू नका. डावी आणि उजवी बाजू सारखी असेल असे धरून चालू नका. चाळीस-पन्नास वर्षांत गाडीने धक्के खाल्लेले असतात. दोन्ही बाजूंचे माप वेगळे घ्या.

कापड आणि त्याची परीक्षा

मूळ रूप हवे असेल तर सुती कॅनव्हास. त्याचा गुण असा की भिजल्यावर धागा फुगतो आणि वीण घट्ट होते. दोष असा की ते आक्रसते, आणि ओले घडी करून ठेवले तर बुरशी धरते. प्लॅस्टिकचा थर दिलेली ताडपत्री पाणी चांगले अडवते, बुरशीला दाद देत नाही आणि सहसा स्वस्त पडते. पण ती दिसायला चकचकीत असते, उन्हात तापते, आणि सुईने पाडलेले भोक तिच्यात बुजत नाही. दोन्ही कापडांचे तुकडे गिऱ्हाइकाच्या हातात द्या, गुणदोष सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा. ताडपत्री लावून कॅनव्हासचा भाव घेणे हा धंदा नव्हे.

सुती कापड घेतले तर परीक्षा केल्याशिवाय बेतू नका. कापडावर ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनाने आखा, रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. समजा उभ्या धाग्यात ५० चे ४८.५ झाले. म्हणजे शंभराला तीन. ९० सेंटिमीटर उंचीच्या दरवाजात ही तूट २.७ सेंटिमीटर होते, जवळजवळ दोन बोटे. आडव्या धाग्यात ती वेगळी असू शकते, म्हणून दोन्हीकडे मोजा.

साधे कॅनव्हास असेल तर सगळे कापड आधी भिजवून वाळवून मग कापा. जलरोधक लेप दिलेले असेल तर भिजवण्याने लेपाचे काय होते ते त्याच तुकड्यावर पाहा. भिजवणे योग्य नसेल तर जेवढी तूट निघाली तेवढी वाढ फर्म्यात धरा. आम्ही या एका रात्रीची घाई केली आणि एक जोडी गमावली.

फर्मा आणि माया

फर्मा ताणणाऱ्या कापडाचा करू नका. जाड तपकिरी कागद किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिक चांगले. चौकट गाडीवर बसलेली असताना कागद बाहेरून चिकटपट्टीने लावा आणि कड आखून घ्या. बटणे, बिजागरी, कडी आणि खिडकी यांच्या जागा त्याच वेळी टिपा. फर्म्यावर चार शब्द ठळक लिहा : डावा किंवा उजवा, बाहेरची बाजू, पुढे, वर. लेप दिलेल्या कापडाला सुलट-उलट असते. फर्मा न उलटवता दोन्ही दरवाजे कापले, तर दोन्ही एकाच बाजूचे होतात. ही चूक नवशिक्या शागिर्दाचीच होते असे नाही.

फर्म्याची रेघ ही तयार दरवाजाची रेघ आहे. शिवणीसाठी माया तिच्या बाहेर सोडायची. सळईभोवती जाणाऱ्या पट्टीचा हिशेब असा करा. पाइप अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याचा घेर सुमारे ४० मिलिमीटर. दोन्हीकडे १२-१२ मिलिमीटर माया आणि पाइप सरकण्यासाठी ६ मिलिमीटर सैल. एकूण पट्टी ७० मिलिमीटर रुंद. अंदाजाने कापलेली पट्टी एकतर पाइपावर चढत नाही, नाहीतर चढून लोंबते.

कापण्याआधी जुन्या चादरीचा किंवा स्वस्त कापडाचा एक कच्चा दरवाजा लांब टाक्याने शिवून गाडीवर लावून पाहा. अर्धा दिवस जातो, पण भारी कापड वाचते.

सुई, दोरा, टाका

कॅनव्हासच्या चार-पाच थरांना घरगुती मशीन पुरत नाही. ज्या मशीनचा पाय सुईबरोबर कापड पुढे नेतो ते सर्वांत चांगले. तसे नसेल तर भारी कामाचे साधे मशीन सावकाश चालवा आणि जाड जोडावर चाक हाताने फिरवा. सुई १८ ते २१ नंबर, दोऱ्याला साजेशी.

बाहेरच्या कामात दोरा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ओढायला मजबूत असतो, पण उन्हात लवकर कमजोर होतो. सुती दोरा पाण्यात फुगून भोक बुजवतो, पण कुजतो. आत पॉलिएस्टर आणि वर सूत असलेला दोरा मिळाला तर सुती कॅनव्हासला तो उत्तम.

टाका इंचाला सहा ते सात. दाट टाका म्हणजे पक्के काम ही समजूत या कामात चुकीची आहे. लेप दिलेल्या कापडात दाट टाका म्हणजे तिकिटासारखी भोकांची रांग, आणि कापड तिथूनच फाटते. महत्त्वाच्या जोडांना दुमडून दोन शिवणी घाला आणि दुमड अशी ठेवा की पाणी तिच्यात न साचता खाली ओघळेल.

खिडकी

आधी अखंड कापडावर पारदर्शक शीट शिवून घ्यावी, नंतर आतले कापड कापून कड दुमडावी. आधी भोक पाडले की कापड ताणते आणि खिडकी वाकडी होते. कोपरे गोल ठेवा. शीटवर टाका थोडा लांब, इंचाला पाच-सहा. शीट मशीनच्या पायाला चिकटत असेल तर मध्ये पातळ कागद ठेवून शिवा आणि मग फाडून काढा.

गिऱ्हाइकाला सांगा : खिडकी पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. दरवाजा काढून ठेवताना शीटची घडी घालू नका. ओला दरवाजा कोंदट जागी ठेवू नका.

चढवणे आणि पाण्याची परीक्षा

खालची झालर बॉडीच्या बाहेरून उतरली पाहिजे. ती आत गेली तर दरवाजाचे सगळे पाणी पायाखाली येते. गाडी वेगात असताना कापडी दरवाजा बाहेर फुगतो आणि मागच्या वरच्या कडेला फट पडते, म्हणून तिथे एक बटण किंवा पट्टा जास्त द्या. प्रत्येक बटण आणि आयलेटमागे कापडाची दुहेरी पट्टी हवी.

मग एक माणूस आत बसवा आणि बाहेरून दहा मिनिटे पाइपने पाणी मारा. जिथे थेंब दिसेल तिथे आतून खडूची खूण करा. दुकानात सापडलेली गळती पाच मिनिटांचे काम असते. तीच घाटात सापडली तर आपले नाव जाते.

आणखी एक गोष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. कापडी दरवाजा पाऊस आणि वारा अडवतो, माणूस अडवत नाही. मुले बसणार असतील तर पट्टे बांधल्याशिवाय गाडी हलवू नका, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

हिशेब आणि शब्द

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. आपण आपल्या गावचे भाव घालावेत. एका जोडीला कापड २,४०० रुपये, शीट ५००, दोरा-बटणे-बकल ६००, चौकटीची दुरुस्ती ५००, सोळा तासांची मजुरी १,९२० आणि दुकानखर्च ४८०. एकूण ६,४०० रुपये. भाव ७,५०० ठरला तर नफा १,१००. आता हीच जोडी पुन्हा करावी लागली तर कापड, शीट आणि मजुरी मिळून ४,८२० रुपये जातात. चार जोड्यांचा नफा ४,४०० होतो. म्हणजे एका चुकीच्या मापाने चार जोड्यांची कमाई बुडते, तरी खड्डा भरत नाही. या हिशेबापुढे गाडी बोलावून घेण्याचा अर्धा दिवस काहीच नाही.

गाडी आणणे शक्यच नसेल तर आपण जा आणि जाण्याचा खर्च आधी सांगून घ्या. एका कागदावर कापडाचा प्रकार, दोरा, एकूण भाव, ॲडव्हान्स, तारीख आणि पहिल्या पावसानंतर एकदा मोफत दुरुस्ती, एवढे लिहून दोघांनी सह्या करा. गिऱ्हाईक ओळखीचे असले तर लिहायला संकोच वाटतो. पण तोंडी शब्दाची आठवण दोघांची वेगळी असते, आणि जुनी ओळख तुटते ती त्यातूनच.

आमच्या त्या बागायतदाराने दुसरी जोडी घेतली, पावसाळा काढला आणि दिवाळीनंतर स्वतः गाडी घेऊन दुकानात आला. आम्ही घाबरत विचारले, "काही गळते का?" तो म्हणाला, "नाही, आता हूड शिवायचा आहे. म्हणून या वेळी गाडीच आणली." मापाचा धडा आमच्याबरोबर तोही शिकला होता. बरकत अशा परत येणाऱ्या गिऱ्हाइकात असते, आणि ते परत येते ते चुकीची जबाबदारी उचलणाऱ्या कारागिराकडेच.